पिठ्याचं बोरन्हाण

हेरंब सबनीसांची उभी हयात रिफायनरीच्या सेफ्टी खात्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर ते खातं त्यांनी जसंच्या तसं बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आपल्या फ्लॅटमध्ये आणून बसवलं. झोपण्याआधी गॅसचा नॉब तीन-तीनदा बघायचा, इस्त्रीची पिन काढलेली दिसत असली तरी हात लावून खात्री करायची, ओल्या फरशीवर कुणी पाऊल टाकलं की घर डोक्यावर घ्यायचं. त्यांची बायको निरुपमा शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. तिनं आयुष्यभर वात्रट पोरं सांभाळली होती, त्यात हे एक. "आमच्या घरात अपघातानं कुणी जायचं नाही, कंटाळून जाईल," असं ती शेजारच्या स्नेहलताबेनना सांगायची आणि दोघी पोट धरून हसायच्या.

अशा घरात दिवाळीनंतर पिठ्या आला. रिफायनरीतले जुने सोबती बाळकृष्ण पाठारे यांच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. बाकीची लोकांनी नेली, हे एक राहिलं. थोटके पाय, तांबूस अंग, आणि तोंड तेवढं पांढरं, पिठाच्या डब्यात घालून आल्यासारखं. "पंधरा दिवस ठेवून बघा, नाही जमलं तर आणून द्या," असं पाठारे म्हणाले होते. पुढच्याच आठवड्यात त्यांनी चौकशीला सहज फोन केला, तर हा माणूस पिल्लू परत मागतोय असं वाटून हेरंबरावांनी फोन उचललाच नाही.

पाठाऱ्यांनी तीन पथ्यं सांगितली होती. चॉकलेट नाही, कांदा नाही, कोंबडीचं हाड नाही. पथ्य, मनाई, बंदी हे हेरंबरावांचे लाडके शब्द. कोंबडी घरात कधीच शिजत नव्हती, तरी ते गल्लीतून जाताना रस्त्यावर हाडं शोधत चालायचे. निरुपमाच्या पोह्यांतला कांदा बंद झाला. फिनाईल माळ्यावर गेलं, वायरी भिंतीला चिकटल्या. पिठ्यानं मात्र सोफ्याच्या एका कोपऱ्यात रोज मुतायचं ठरवलं होतं, आणि ते काही कुठल्या नियमानं थांबलं नाही.

जानेवारी लागला तसं गल्लीत दोऱ्याला मांजा चढू लागला, आणि निरुपमानं कपाटाच्या वरच्या फळीवरचा एक डबा खाली काढला. त्यात हलव्याचे दागिने होते. मुकुट, हार, बाजूबंद, एवढीशी बासरी. त्यांचा मुलगा आनंद कॅनडात राहायचा, त्याच्या मुलासाठी तिनं ते केले होते. महिनाभर शेगडीपुढे बसून, बोटं भाजून घेऊन एकेका तिळावर काटा फुलवला होता. मग आनंदचा फोन आला, की आई, खायचं काही विमानतळावर सोडत नाहीत, आणि इथं बोरन्हाण करणार कोण, राहू दे. ती "बरं" म्हणाली होती. तो नातू आता बोरन्हाणाच्या वयाचा राहिला नव्हता, आणि दागिने डब्यात होते.

"ह्यालाच घालू या का?" तिनं विचारलं. पिठ्या तिच्या पायाशी लोळत होता.

हेरंबराव हसतील, चिडवतील, म्हणून तिनं ते अगदी सहज म्हटल्यासारखं म्हटलं. पण त्यांना ती तेव्हाची रात्र आठवली. फोन ठेवून ती दागिन्यांवर कापूस पसरत बसली होती. ते म्हणाले, "घालू या की. पहिलीच संक्रांत त्याची."

मग सेफ्टी खातं कामाला लागलं. बोरन्हाणाला मुलाच्या डोक्यावरून काय काय ओततात त्याची त्यांनी तपासणी केली. बोरं फक्त ओवाळायला, लगेच उचलायची, आठळी घशात बसते. शेंगांची फोलं नकोत. उसाचे करवे नकोत, चोया निघतात. हल्ली लोक चॉकलेटंही ओततात, ती तर मुळीच नाहीत.

"मग राहिलं काय? नुसते चुरमुरे? हे काय बोरन्हाण झालं?" निरुपमा वैतागली.

हेरंबरावांनी विचार केला. "मनुका घाल," ते म्हणाले. "काळ्या, चांगल्यापैकी. मऊ असतात, अडकायची भीती नाही. तान्ह्या पोराला देतात तिथं ह्याला काय होणार?"

मांडवीजवळच्या दुकानातून ते स्वतः जाऊन मनुका घेऊन आले. देठ एकेक करून काढले, कारण देठ टोचू शकतो.

संक्रांतीच्या दुपारी गच्चीगच्चीवर "काय पो छे" चाललं होतं, भोंगे एकमेकांवर ओरडत होते, आणि खाली सबनीसांच्या हॉलमध्ये पिठ्या पाटावर बसला. डोक्यावर मुकुट, तो एका कानावर घसरलेला. स्नेहलताबेन उंधियूचं पातेलं घेऊन आल्या त्या बघतच राहिल्या. "अरे वाह, मारो दीकरो!" म्हणून त्यांनी त्याची दृष्ट काढली. निरुपमानं ओवाळलं, आणि ओंजळीनं चुरमुरे आणि मनुका त्याच्या डोक्यावरून सोडल्या. पिठ्याला वाटलं, स्वर्ग कोसळला. चुरमुरे त्यानं हुंगून सोडून दिले आणि मनुका तेवढ्या वेचून वेचून खाल्ल्या. पाटाखाली गेलेल्यासुद्धा नाक घालून काढल्या. हेरंबरावांनी फोनवर त्याचा व्हिडिओ केला आणि आनंदला पाठवला. आनंदनं हसणारी तोंडं पाठवली. निरुपमा त्या दिवशी फार सुखात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिठ्यानं सोफ्यामागे ओकून ठेवलं. मग परत ओकला, मग नुसता फेस. खाणं पुढे केलं तर तोंड फिरवायचा. "उत्साहात जास्त झालं," निरुपमा म्हणाली. पण दुपारी तो तिच्या साडीच्या घडीत शिरून थरथरत बसला तेव्हा तिचा चेहरा उतरला.

ती वासी उत्तराण, म्हणजे पतंगांच्या सुट्टीचा दुसरा दिवस. बडोद्यात त्या दिवशी दुकान उघडं सापडणं कठीण, डॉक्टर तर दूरच. हेरंबरावांनी तीन ठिकाणी फोन लावले, तिन्हीकडे नुसती घंटी वाजत राहिली. चौथ्या ठिकाणी कुणीतरी सांगितलं, की जनावरांचे डॉक्टर सगळे पक्ष्यांच्या कॅम्पवर आहेत, फतेगंजला जा. रिक्षावाल्यानं मांजा अडवायला पुढे तार लावली होती. हेरंबरावांनी पिल्लाला स्वेटरमध्ये गुंडाळून छातीशी धरलं, आणि सबंध रस्ताभर वर बघत, दोरा येतोय का ते पाहत, आपला हात त्याच्या मानेवर धरून बसले.

कॅम्प म्हणजे एक मांडव. टेबलांवर कबुतरं, ढोक, एक घार, कुणाचा पंख कापलेला, कुणाची मान. पुठ्ठ्याच्या खोक्यांत फडफड चाललेली. डॉक्टर हेतल म्हणून एक तरुण मुलगी, हातमोजे रक्तानं माखलेले, एका कबुतराला टाके घालत होती. "काका, आजे तो अहीं पंखीओ ज छे," ती म्हणाली, आज इथं फक्त पक्षीच. पण पिठ्याकडे बघून तिनं मोजे बदलले. ती बडोद्यातच वाढलेली, मोडकं का होईना मराठी बोलायची.

"बाहेरचं काही खाल्लं?"

"छे!" हेरंबरावांची छाती जरा फुगलीच. "बाहेरचं काही देतच नाही आम्ही. हाडं नाही, कांदा नाही, चॉकलेटला तर घरात बंदी. लसी सगळ्या झाल्यात."

मागे दोन पोरं एक रक्तबंबाळ घुबड घेऊन आली होती आणि "दीदी, दीदी" करत होती. डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं, ताप बघितला, ओकारी थांबायचं इंजेक्शन दिलं. दूध नको, जड नको, पातळ काहीतरी थोडं थोडं देत राहा, उद्या दवाखाना उघडेल तिथं आणा. एवढं सांगून ती घुबडाकडे वळली. तिचा काही दोष नव्हता. तिनं विचारलं होतं, आणि हेरंबरावांनी खरं तेच सांगितलं होतं.

पातळ म्हणजे काय, हे निरुपमाला कुणी शिकवायला नको होतं. तिच्या आईनं तिला, तिनं आनंदला, तापात, अशक्तपणात, पोट बिघडलं की एकच दिलं होतं. तिनं उरलेल्या मनुका धुतल्या, कोमट पाण्यात भिजवल्या, हातानं कुस्करल्या आणि पाणी फडक्यातून गाळलं. पिठ्या ग्लुकोजला तोंड लावत नव्हता. हे मात्र त्यानं तिच्या बोटावरून चाटलं. "अहो, बघा, घेतोय!" ती ओरडली. हेरंबराव धावत आले. त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनीच चमचा धरला, तिनं त्याचं डोकं धरलं, आणि दोघांनी मिळून संध्याकाळपर्यंत वाटी रिकामी केली.

सकाळी त्याला उभं राहता येईना. निरुपमा जागरणानं सुजलेल्या डोळ्यांनी म्हणाली, "कालपासून त्यानं कुठं ओलं केलं नाही हो." हेरंबरावांनी सोफ्याचा कोपरा हातानं चाचपून बघितला. ज्या कोपऱ्यावरून त्यांनी दोन महिने आरडाओरडा केला होता तो खडखडीत कोरडा होता.

दवाखान्यात डॉक्टर हेतलनं रक्त काढलं. सुई बघवेना म्हणून निरुपमा बाहेर बाकावर जाऊन बसली. थोड्या वेळानं डॉक्टरनं यंत्रातून निघालेला आकडा दोनदा तपासला. मग तिनं दार लोटून घेतलं.

"काका, किडनी बंद पडतेय. नीट आठवा. उंदराचं औषध? गाडीच्या रेडिएटरचं पाणी?"

"नाही हो."

"द्राक्षं? किसमिस?"

हेरंबरावांना आधी प्रश्नच कळला नाही. "मनुका?" ते म्हणाले. "मनुका तर पौष्टिक."

डॉक्टरनं त्यांच्याकडे पाहिलं. "कुत्र्याला नाही, काका. काही कुत्रे पचवतात, काहींची किडनी त्यानं जाते. काळी, पिवळी, कुठलीही. एवढ्या जिवाला मूठभर पुष्कळ. किती खाल्ल्या?"

हेरंबरावांच्या खांद्याला निरुपमाची कापडी पिशवी होती. तिच्यात पंचा होता, आणि वाटेत लागेल म्हणून भरून घेतलेली मनुकांच्या पाण्याची बाटली होती. त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी धरली. मग त्यांनी सगळं सांगितलं. बोरन्हाण म्हणजे काय, तेही त्या मुलीला समजावून सांगावं लागलं. सांगताना त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटत होता.

"त्याच दिवशी कळलं असतं तर ओकवून काढलं असतं," डॉक्टर म्हणाली. मग हळूच, "मी पण काल विचारायला पाहिजे होतं. आता ड्रिप लावते. लघवी झाली तर आशा. नाही झाली तर माझ्या हातात काही नाही. काकींना मी सांगू?"

"नको," हेरंबराव म्हणाले. "मी सांगतो."

ते बाहेर आले. निरुपमानं नुसतं वर पाहिलं. तिच्या पदराला पिठ्याचे तांबूस केस चिकटलेले होते. हेरंबरावांच्या जिभेवर वाक्य आलं होतं. आयुष्यभर त्यांनी अपघातांची कारणं लोकांना तोंडावर सांगितली होती, साहेबालासुद्धा. आणि इथं त्यांच्या तोंडून निघालं, "इन्फेक्शन आहे. किडनीला."

"कशानं हो?"

"होतं लहान पिल्लांना."

बाटली त्यांनी दवाखान्याच्या मागच्या गटारात ओतली.

दिवसभर ड्रिप चालली. निरुपमा त्याच्या मागच्या पायांशी पंचा अंथरून बसली होती आणि घटकेघटकेला हात घालून बघत होती, ओलं लागतंय का. माणसं देवाकडे काय काय मागतात; सबनीस नवराबायको त्या दिवशी कुत्र्याचं मुतणं मागत होते, आणि त्यात त्यांना हसण्यासारखं काही वाटलं नाही. पंचा कोरडाच राहिला. संध्याकाळी दवाखाना बंद व्हायच्या वेळी डॉक्टरनं पायाला सुई तशीच ठेवून पट्टी बांधली आणि म्हणाली, घरी न्या, सकाळी आणा. तिच्या सांगण्यात जोर नव्हता.

घरी पोचवून हेरंबराव औषधाला खाली उतरले. जिन्यातच त्यांनी ठरवलं, वर जाऊन सांगायचं. औषध हातात पडेपर्यंत त्यांनी ठरवलं, आज नको. तिच्या हौसेची ती एकच दुपार. नातवाचं राहिलेलं तिनं जिवाला लावून घेतलं होतं. आता ह्याचं सांगितलं तर ती पुन्हा कशाला हात लावेल का? आणि सांगून पिठ्याला काय उपयोग? अशी स्वतःची समजूत घालत ते जिना चढले.

दार लोटलेलं होतं. निरुपमा जमिनीवर बसली होती, मांडीवर पिठ्या, शेजारी वाटी, हातात कापसाचा बोळा. ती बोळा वाटीत बुडवून त्याच्या ओठांवर पिळत होती.

"काय देतेयस?"

"मनुकांचंच. डॉक्टरला काय, ती म्हणेल नुसती ड्रिप. पोटात काही नको का जिवाच्या?"

हेरंबरावांनी वाटी हिसकावली. अर्धी तिच्या मांडीवर सांडली. "नाही म्हटलंय ना द्यायचं! कळत नाही तुला?" ते इतक्या मोठ्यानं ओरडले की पिठ्यानंही डोळे उघडले.

निरुपमा त्यांच्याकडे बघत राहिली. पस्तीस-चाळीस वर्षांत ते तिच्यावर असे ओरडले नव्हते, फरशीवरून नाही, गॅसवरून नाही. "तुमचे नियम," ती म्हणाली. "तो मरतोय हो. आणि तुम्हाला अजून नियम."

ह्याच वेळी सांगायला हवं होतं. वाक्य एवढंसं होतं. पण ती रडत होती आणि तिचा हात पिठ्याच्या पाठीवर सारखा फिरत होता, आणि हेरंबरावांना त्या हाताकडे बघून धीर झाला नाही. ते स्वयंपाकघरात गेले, वाटी विसळली, आणि नळ चालू ठेवून तिथंच उभे राहिले.

पिठ्या पहाटे गेला. दवाखाना उघडायच्या आत, तिच्या मांडीवरच. पाठाऱ्यांच्या बंगल्यामागे थोडी जागा होती, तिथं त्याला पुरलं. पाठारे हळहळले. "हाड-बिड नव्हतं ना खाल्लं?" त्यांनी विचारलं, आणि हेरंबराव "नाही" म्हणाले.

लोक भेटायला आले. कुत्र्यासाठी कोण येतं, पण स्नेहलताबेन आल्या, शाळेतल्या दोघी-तिघी आल्या. निरुपमा प्रत्येकीला तेच सांगायची. "इन्फेक्शन झालं. आमच्या हातात काही नव्हतं. पण एक समाधान आहे, उपाशी नाही गेला. शेवटपर्यंत मनुकांचं पाणी घेत होता माझ्या हातून." त्या माना हलवायच्या. हेरंबराव पेपर उघडून बसायचे, आणि प्रत्येक वेळी तेच पान पुन्हा वाचायचे.

एका सकाळी ते गॅलरीत दाढी करत होते. खालच्या बंद दुकानाच्या पायरीआड गल्लीतल्या कुत्रीनं पिल्लं घातली होती, ती आता बाहेर रांगू लागली होती. हेरंबरावांनी पाहिलं, निरुपमा खाली उतरलीय. तिच्या हातात ताटली होती. ती पायरीवर बसली, आणि चारही पिल्लं एकमेकांना तुडवत तिच्याकडे धावली.

ते अनवाणी, तोंडाला साबण तसाच, जिना उतरले. ओल्या जिन्यावरून ते दोनदा घसरले.

"काय आहे त्यात?"

"मनुका. उरल्या होत्या थोड्या, दूधभातात कुस्करल्यात. म्हटलं, पिठ्याच्या नावानं..." ती ताटली खाली ठेवतच होती.

त्यांनी ताटली पायानं उडवली. दूधभात भिंतीवर गेला. पिल्लं तिकडे धावली तसे ते त्यांच्यामागे वाकून, दोन्ही हातांनी धुळीतल्या मनुका वेचू लागले. वेचता वेचता ते बोलत होते, तिच्याकडे न बघता. "नको. मनुका नको. कुत्र्यांना विष असतं ते. त्यानंच गेला तो. मी सुचवल्या होत्या, निरू, मीच आणल्या होत्या. तुझा काही दोष नाही."

गल्लीतून एक स्कूटर गेली. निरुपमा पायरीवर बसून होती. तिनं आपला उजवा हात समोर धरला आणि बोटांकडे पाहिलं. पिठ्या चाटायचा ती हीच बोटं.

"तुम्हाला कधी कळलं?" तिनं विचारलं.

हेरंबरावांच्या मुठीत धूळ आणि मनुका होत्या. "दवाखान्यात. रक्त काढलं तेव्हा."

"म्हणजे तो होता तेव्हा."

"हो."

"मी संध्याकाळी पुन्हा पाजलं तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं."

एक पिल्लू त्यांच्या मुठीशी नाक घालू लागलं, तशी त्यांनी मूठ वर उचलली.

"मला वाटत होतं मी त्याला जगवतेय," निरुपमा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, ती रडलीही नाही. "सबंध रात्र मांडीवर होता हो माझ्या. तेव्हा सांगितलं असतंत, तर मी त्याची माफी तरी मागितली असती."